कर्माचा हिशेब खाटेपाशी नको

नवा रायपूरमधल्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात पैसे भरण्याची खिडकी नाही. २०१२मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात जन्मतः हृदयदोष असलेल्या मुलांवर मोफत शस्त्रक्रिया होतात. ‘दिल विदाउट बिल’ हे त्याचं ब्रीद आहे. बरं होऊन घरी निघालेल्या मुलाच्या हाती ‘गिफ्ट ऑफ लाइफ’ असं प्रमाणपत्र ठेवलं जातं. संस्थेचं असंच एक रुग्णालय नवी मुंबईत खारघरला आहे आणि सुनील गावसकर या कामासाठी अनेक वर्षं निधी उभा करत आले आहेत. त्यामुळे मराठी घरांनाही हे नाव ओळखीचं आहे.

रुग्णालयाचं बिल माफ होऊ शकतं, पण मोठ्या शस्त्रक्रियेबरोबर आणखी एक हिशेब घरात शिरतो आणि तो माफ करणारी खिडकी कुठेच नसते. “एवढ्याशा लेकरानं कुणाचं काय वाईट केलं होतं?” हा आईचा प्रश्न. “ग्रहणात भाजी चिरलीस, तेव्हाच म्हटलं होतं,” हे सासूबाईंचं उत्तर. “गेल्या जन्मीचे भोग आहेत, भोगूनच संपवायचे,” हा भेटायला आलेल्या काकांचा निकाल. बायपास झालेल्या साठीच्या गृहस्थांना, कर्करोगाची गाठ काढलेल्या शिक्षिकेला, अपघातात मांडीचं हाड मोडलेल्या तरुणालाही हेच ऐकावं लागतं. रायपूरचं सरकारी मेकाहारा रुग्णालय असो, तिथलंच टाटीबंधचं एम्स असो की नागपूरचं मेडिकल, भाषा बदलते, वाक्य तेच राहतं.

कर्मसिद्धान्त खरा की खोटा, हा वाद इथे घालायचा नाही. प्रश्न त्याहून नेमका आणि निकडीचा आहे. महिनोन्‌महिने खाटेवर पडलेल्या माणसाला त्याचं दुखणं त्याच्याच पूर्वकर्माचं फळ आहे असं सांगण्याचा अधिकार कुणाला आहे का? आपली परंपरा तसा अधिकार देते का? बारकाईनं पाहिलं तर ती तो देत नाही, आणि हे मोकळेपणानं सांगायची वेळ आली आहे.

आधी हे दिवस कसे जातात ते पाहू. उघड्या हृदयाच्या शस्त्रक्रियेत बहुधा छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. ते हाड नीट सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर मोठ्यांनी जड उचलायचं नाही. लहान मुलाला काखेत हात घालून उचलायचं नाही, एक हात मानेखाली आणि एक कमरेखाली ठेवून अलगद उचलायचं. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची. न खोकता राहिलं तर कफ साचतो, आणि खोकावं तर टाके ओढले जातात.

मग खाटेशेजारच्या टेबलावर तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र येतं. नळी ओठांत धरून श्वास आत ओढायचा आणि कप्प्यांतले गोळे वर उचलायचे. पहिला गोळा उचलायला सेकंदाला ६०० मिलिलिटर वेगानं हवा ओढावी लागते, दुसऱ्याला ९०० आणि तिसऱ्याला १२००. धडधाकट माणूस तिन्ही गोळे सहज उचलतो. शस्त्रक्रियेनंतर मात्र पहिलाच गोळा नुसता थरथरतो आणि खाली बसतो. तासाभरानं पुन्हा तेच करायचं. लहान मुलांना याच व्यायामासाठी साबणाचे फुगे उडवायला देतात किंवा भिरभिऱ्यावर फुंकर मारायला लावतात. मुलं हसतात, फुप्फुसं उघडतात.

शरीर किती झपाट्यानं खचतं याचं मोजमाप झालेलं आहे. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांचा लंडनमध्ये झालेला एक अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. दहा दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचं क्षेत्रफळ सरासरी जवळजवळ १८ टक्क्यांनी घटल्याचं त्यात दिसलं. दहा दिवसांत गेलेली ताकद दहा दिवसांत परत येत नाही, तिला महिने लागतात. त्यात रात्री झोप नसते. सतत दिवे जळत असतात, यंत्रं वाजत असतात, काहींना दिवस-रात्रीचं भान राहत नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी जमलेली पन्नास माणसं तिसऱ्या आठवड्यात दोनवर येतात. रुग्ण बरा होत असतो, पण ते त्याला जाणवत नाही. काल दहा पावलं, आज आठ. ‘माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न अशाच आठव्या पावलावर गाठतो. त्या क्षणी कानावर पडलेलं वाक्य औषधासारखं लागू पडतं किंवा बाधतं.

रायपूरमध्ये या प्रश्नाचा विचार करताना माधवराव सप्रे यांना वगळून पुढे जाता येत नाही. शहरात त्यांच्या नावाची शाळा आहे, तिचं मैदान सगळ्यांना ठाऊक आहे. या मराठी माणसानं १९००मध्ये पेंड्राहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढून हिंदी पत्रकारितेत मोलाचं काम केलं. पुढे नागपूरहून ‘हिंदी केसरी’ चालवताना १९०८मध्ये त्यांना अटक झाली आणि घरच्यांच्या दबावापोटी माफी लिहून देऊन ते सुटले. ती माफी त्यांच्या जिव्हारी लागली. वर्षभराहून अधिक काळ त्यांनी एका रामदासी मठात भिक्षा मागून आणि दासबोध वाचून काढला. तुटलेलं मन त्यांनी रोजच्या ठरलेल्या साधनेनं सांधलं. मग त्यांनी दासबोध हिंदीत आणला, आणि १९१६मध्ये टिळकांच्या गीतारहस्याचा हिंदी अनुवादही आला. १९२६मध्ये रायपुरातच त्यांचं निधन झालं. बरं होण्याचा काळ कसा घालवावा, या प्रश्नावर वाट दाखवणारी दोन मोठी मराठी पुस्तकं या एका माणसाच्या हातून गेली आहेत.

दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थांनी त्रिविध तापांचं वर्णन केलं आहे. त्यातल्या सहाव्या समासात देहाच्या दुखण्यांची लांबलचक यादी येते. खरूज, नारू, देवी, गोवर, पोटदुखी, डोळेदुखी, असं करत समर्थ डोक्यापासून पायापर्यंत सगळं मांडतात. वाचताना जाणवतं की या माणसानं दुखणाईत माणसं फार जवळून पाहिली होती. आता समर्थ दुखण्याला पूर्वपापाचं फळ मानत नव्हते, असं म्हणणं खोटं ठरेल. त्यांच्या काळाची ती समजूत होतीच. पण या यादीचा रोख कोणाकडे आहे? वाचणाऱ्याकडे. देहाचा भरवसा नाही, तेव्हा वेळीच जागा हो, हे ते धडधाकट श्रोत्याला सांगतात. दशकाचा शेवटही वैराग्याच्या उपदेशानं होतो.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातही असंच आहे. जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि व्याधी यांतले दोष पाहणं हे गीतेनं ज्ञानाचं एक लक्षण मानलं आहे. ज्ञानदेव त्याचा विस्तार करतात तो साधकासाठी. त्यानं आपल्याच देहाकडे पाहून, आजार येण्याआधी हा विचार करायचा आहे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ऐकवण्यासाठी हे चिंतन सांगितलेलं नाही. स्वतःसाठी दिलेलं औषध आपण दुसऱ्याच्या घशाखाली उतरवतो, तिथे चूक होते.

गीतारहस्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात लिहिलं. मधुमेहानं शरीर पोखरलेलं, खाण्यावर निर्बंध, घर हजारो मैलांवर. सुटकेला अजून दोन वर्षं असताना, १९१२मध्ये, पत्नी सत्यभामाबाई गेल्याची बातमी त्यांना तिथेच कळली. प्रारब्धाला बोल लावायला याहून चांगलं निमित्त कुठलं असणार? पण या ग्रंथाचं दहावं प्रकरण पाहा. त्याचा विषयच कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य असा जोडीनं घेतला आहे. संचित, प्रारब्ध, क्रियमाण ही नेहमीची तीन खाती टिळकांना पुरेशी नेमकी वाटत नाहीत. ज्याचं फळ भोगायला सुरुवात झाली आहे ते कर्म आणि ज्याची सुरुवात अजून झालेली नाही ते कर्म, अशी वेदान्तसूत्रांना धरून ते विभागणी करतात. सुरू झालेलं भोगावं लागेल, हे ते मान्य करतात. पण माणसाला प्रयत्नाचं स्वातंत्र्यच नसेल तर ‘हे कर, ते करू नकोस’ असं सांगणारी सगळी शास्त्रं व्यर्थ ठरतील, हा त्यांचा मुद्दा आहे.

हे रुग्णाला लावून पाहा. शस्त्रक्रिया झाली, जखम झाली, हे सुरू झालेलं. ते आता बदलत नाही. आजचा श्वासाचा व्यायाम, आजची दहा पावलं, आजचं प्रथिनयुक्त जेवण हे अजून हातात आहे. यातलं फळ आपल्या मुठीत नाही, हेही गीताच सांगते. व्यायाम करूनही ताप येईल, टाक्यांत पू होईल, पुन्हा दाखल व्हावं लागेल. तरीही उद्या सकाळी नळी तोंडात धरायचीच. कर्मयोगाचा इतका रोकडा प्रसंग घरसंसारात क्वचितच येत असेल.

रायपूरपासून दीड-दोन तासांवर, महानदीकाठी सिरपूर आहे. तिथल्या लाल विटांच्या लक्ष्मण मंदिराबरोबरच आनंदप्रभू कुटी विहाराचे अवशेष पाहायला लोक जातात. दक्षिण कोसलातल्या बौद्धांची ही जागा. पाली ग्रंथांतल्या दोन गोष्टी इथे आठवायला हव्यात. संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा एक परिव्राजक बुद्धांना विचारतो, की माणूस जे जे सुखदुःख अनुभवतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही जण म्हणतात, त्यावर आपलं काय मत? बुद्ध ते साफ नाकारतात आणि आठ कारणं मोजून दाखवतात. पित्त, कफ, वात, तिघांचा प्रकोप, ऋतूतला बदल, देहाची हेळसांड, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. आठांत एक कर्म. सगळं त्याच्याच माथी मारणं हे डोळ्यांना दिसतं त्याच्याही विरुद्ध आहे, असं ते म्हणतात.

दुसरी गोष्ट विनयपिटकातल्या महावग्गातली आहे. अतिसारानं ग्रासलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला होता आणि त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. बुद्धांनी आपले शिष्य आनंद यांच्याकडून पाणी आणवलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून अंथरुणावर निजवलं. मग भिक्खूंना सांगितलं की, ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची सेवा करावी. तू मागच्या जन्मी काय केलं होतंस, असं त्या भिक्खूला त्यांनी विचारलं नाही.

आयुर्वेदाचीही साक्ष काढता येते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. म्हणजे रोगी हा उपचाराचा विषय आहे तसाच उपचाराचा भागीदारही आहे. त्याचे गुण कोणते? आठवण नीट असणं, सांगितलेलं ऐकणं, निर्भय असणं आणि आपलं दुखणं नीट सांगता येणं. यात पुण्यवान असणं कुठेच नाही. निर्भय असणं मात्र आहे. मग ‘हे तुझ्याच पापाचं फळ’ असं सांगून जो माणूस रुग्णाला भेडसावतो, तो चरकाच्या हिशेबानं चिकित्सेचा एक पायच मोडतो.

आजारासाठी स्वतःला दोषी धरण्याचा मोह थोरांनाही सुटला नाही. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिसायटिस झाला. १२ जानेवारी १९२४च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मधेच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पार पडलं. ५ फेब्रुवारीला सरकारनं त्यांना सोडलं, आणि पुढे ते विश्रांतीसाठी जुहूला समुद्रकाठी राहिले. त्या काळात त्यांनी ‘यंग इंडिया’त लिहिलं की हा आजार आपल्याच विचारांतल्या दुर्बलतेतून आला असावा आणि शस्त्रक्रियेला कबूल होणं ही त्यात आणखी एक दुर्बलता. त्यांच्या प्रामाणिकपणापुढे मान झुकते, पण त्यांचं हे म्हणणं पटत नाही. अपेंडिक्सला सूज येते ती साधूलाही येते. मॅडॉक यांचा हात त्या रात्री स्थिर होता म्हणून देशाला गांधीजी आणखी चोवीस वर्षं लाभले. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. गांधीजींनी हा ठपका स्वतःवर ठेवला, वॉर्डातल्या दुसऱ्या कुणावर नाही.

हृदयदोषाचंही त्या अपेंडिक्सच्या सुजेसारखंच आहे. जगात दर हजार जन्मांमागे आठ-नऊ मुलांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो, आणि भारतात दर वर्षी अशी दोन लाखांहून अधिक मुलं जन्माला येतात. आईला गरोदरपणी झालेला रुबेला, आटोक्यात नसलेला मधुमेह, काही औषधं, गुणसूत्रांतले बिघाड ही माहीत असलेली कारणं आहेत. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत एकच एक कारण सापडत नाही. ग्रहणात चिरलेली भाजी यात कुठेही बसत नाही. ज्या आईनं रुग्णालयाच्या बाकावर रात्री काढल्या, तिला हे कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

दोषी ठरवणाऱ्या धार्मिकतेची किंमत आकड्यांतही दिसली आहे. अमेरिकेत केनेथ पार्गमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरच्या ५९६ रुग्णांचा अभ्यास करून २००१मध्ये निष्कर्ष मांडले. देवानं आपल्याला टाकून दिलं, देवाचं आपल्यावर प्रेम नाही, किंवा हे सैतानाचं काम आहे, असं ज्यांच्या मनानं घेतलं होतं, त्यांना पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी अधिक दिसला.

आणि प्रार्थना? २००६मध्ये हर्बर्ट बेन्सन यांच्या चमूनं सहा रुग्णालयांतल्या बायपासच्या १८०२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेनं गुंतागुंत कमी झाली नाही. उलट, आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना खात्रीनं ठाऊक होतं, त्यांच्यात गुंतागुंतीचं प्रमाण ५९ टक्के निघालं. हे ठाऊक नसलेल्यांत ते ५१-५२ टक्के होतं. हा योगायोगही असेल. पण ‘माझ्यासाठी प्रार्थना करायची वेळ आली, म्हणजे मी इतका गंभीर आहे का?’ ही धास्ती त्यामागे असू शकते, असंही तेव्हा बोललं गेलं. यावरून श्रद्धा सोडा, असं कुणी म्हणू नये. प्रार्थना ही मोजमापाची वस्तू नाही, आणि रुग्णाच्या अंगावर टाकायचं ओझंही नाही, एवढंच यातून घ्यावं.

श्रद्धा उपयोगी कशी पडते, ते नवसांत दिसतं. गोंदिया-रायपूर रेल्वेमार्गावर डोंगरगड लागतं. डोंगरावरच्या बमलेश्वरीला जायला हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. ‘पोरगं बरं झालं की पायी चढून दर्शनाला येऊ,’ असा नवस या भागात बोलला जातो. वरवर पाहता हा देवाशी सौदा वाटेल. पण त्यात एक फार मोलाची गोष्ट दडलेली आहे. या नवसाचं तोंड पुढे आहे. तो मागचं पाप उकरत नाही, पुढची पायरी दाखवतो. घरी सोडण्याआधी फिजिओथेरपिस्टही रुग्णाला जिना चढायला लावतात. आज चार पायऱ्या, उद्या एक मजला. ज्याच्या डोळ्यांपुढे डोंगरगड आहे, त्याला त्या चार पायऱ्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पुढे रोपवेनं गेलं तरी देवी रागावणार नाही, एवढं मात्र त्याला आधीच सांगून ठेवावं.

एक रास्त हरकत उरते. कित्येकांना ‘प्रारब्ध’ म्हटल्यानंच शांती मिळते. डॉक्टरवर राग नाही, नवऱ्यावर नाही, स्वतःवरही नाही. जे यायचं होतं ते आलं, आता पुढचं बघू. अशा माणसाच्या तोंडून तो शब्द आला तर त्याला तर्कशास्त्र शिकवायला जाऊ नये. त्याच्या मुखातला तो स्वीकार आहे. तोच शब्द भेटायला आलेल्याच्या मुखात निकालपत्र होतो. ज्यूंच्या आणि ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथात ईयोबाची कथा आहे. सगळं गमावून, अंगभर फोड घेऊन बसलेल्या ईयोबाजवळ त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री एक शब्द न बोलता जमिनीवर बसून राहिले. त्यांनी केलेलं सगळ्यांत चांगलं काम तेवढंच. तोंड उघडलं आणि ते त्याचं पाप शोधू लागले. कथेच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर.

तेव्हा रायपूरच्या तात्यापाऱ्यातून असो की गोंदियाहून, कुणाला भेटायला रुग्णालयात जाल तेव्हा फार वेळ बसू नका. कारणं सांगू नका, कुणाचा तरी चुलता याच शस्त्रक्रियेत कसा गेला तेही सांगू नका. हात धुऊन आत जा. तीन गोळ्यांचं यंत्र टेबलावर दिसलं तर “आज कितवा गोळा उचलला?” असं विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात, तुम्ही चौथ्या आठवड्यात या. रात्रीची एक पाळी मागून घ्या आणि जी बाई कित्येक रात्री बाकावर बसून आहे तिला घरी जाऊन झोपू द्या. भोग, पाप, मागचा जन्म यांविषयी बोलायचंच असेल तर ते आपल्या घरी, आपल्या देवापुढे, आपल्यापुरतं बोला.